परत न आलेल्यांचा नारळ

घाटकोपरहून मेट्रो पकडलीत, तर शेवटचं स्टेशन वर्सोवा. तिथून कोळीवाड्यात शिरलात की हिंगळादेवीचं देऊळ. जेट्टीवरून खाडी ओलांडली की मढ, तिथे हरबादेवी. कोळ्यांची एकवीरा मात्र समुद्रापासून लांब, कार्ल्याच्या डोंगरावर. जपानी खलाशांचा कोंपिराही असाच डोंगरावर, शिकोकू बेटावर, ७८५ पायऱ्या चढून गेल्यावर भेटणारा. त्याचं नाव संस्कृत 'कुंभीर'वरून आलंय. कुंभीर म्हणजे मगर!

कोंपिराच्या देवस्थानात भक्तांनी वाहिलेली जहाजांची चित्रं आहेत. ग्रीसमधल्या सामोथ्रेस बेटावरही वादळातून वाचलेल्यांची चित्रं होती. सिसेरो त्यांची गोष्ट सांगतो. नास्तिक डायागोरसला मित्र म्हणाला, बघ, नवस बोलून किती जण वाचले! डायागोरसने विचारलं, मग बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत?

प्रश्न बिनतोड आहे. नोव्हेंबर २००९मध्ये फयान वादळ आलं, तेव्हा कोकणातले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. नारळ त्यांच्याही घरातून वाहिला गेला असेल. मग वाचलेल्याने 'देवीची कृपा' म्हणायचं तरी कसं? 'माझ्यावर कृपा झाली' या वाक्यात 'त्याच्यावर नाही झाली' हे लपलेलं असतंच. अपघातातून बचावल्यावर आपण टाकतो त्या स्टेटसमध्येसुद्धा.

मला वाटतं, याचं उत्तर नारळापेक्षा त्याच्या आधीच्या थांबण्यात आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मासळीचा विणीचा काळ असतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंदी असते. पण कायद्याच्या कितीतरी आधीपासून रीत आहे, की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मगच होडी लोटायची. आधी थांबायचं, मग वाकायचं, मग जायचं.

असा नारळ विम्याचा हप्ता नसतो. ती कबुली असते, की दर्या माझ्या मालकीचा नाही आणि परत येणं हा माझा हक्क नाही. ही कबुली बुडालेल्यानेही दिली होती, वाचलेल्यानेही. त्यात कुणी लाडका नाही, कुणी दोडका नाही.

पण ती खरी असेल, तर किनाऱ्याला लागल्यावर संपत नाही. 'मी वाचलो तो माझ्या लायकीमुळे नाही' असं मानणाऱ्याला, जो आला नाही त्याच्या घराकडे पाठ फिरवता येत नाही. डायागोरसच्या प्रश्नाला देवळाच्या भिंतीवर उत्तर मिळणार नाही. ते शेजारच्या घरात द्यावं लागतं.