निलगिरीचा वास

डोंगरी रानाची ओढ सुशिक्षित मनास कां लागते, असें विचारतां ठराविक उत्तर मिळतें: तेथें मनुष्याचा हात लागलेला नसतो म्हणून. हें उत्तर ऐकावयास गोड आहे. पण दक्षिणेंतील ज्या पर्वताविषयीं तें वारंवार दिलें जातें, त्या नीलगिरीपुरतें तरी तें आम्हांस खरें वाटत नाहीं.

आमचा सह्याद्रि दक्षिणेकडे जात जात जेथें पूर्वघाटास भेटतो, तेथें हा पर्वत उभा आहे. दोड्डबेट्टा हें त्याचें सर्वोच्च शिखर २,६३७ मीटर उंच. माथ्यावर गवताचे माळ, आणि त्यांच्या घळींतून ठेंगणीं, दाट अरण्यें. यांस तिकडे शोला म्हणतात. १८१९ सालीं कोइमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन येथें चढून आले, पुढें उटकमंड वसलें, आणि १९०८ सालीं तेथवर आगगाडी पोंचली. गाडींतून उतरतांच प्रवासी ज्या सुगंधानें मोहून जातो, तो कोणाचा? ऑस्ट्रेलियांतून आणलेल्या झाडांचा! साहेबास माळ ओसाड दिसला, सरपणास लांकूड हवें होतें, म्हणून एकोणिसाव्या शतकांत हीं झाडें आणि त्यांच्या जोडीला वॅटल लावण्यांत आलीं. आपण मराठी लोक तर एक पाऊल पुढें गेलों. त्या परक्या झाडालाच आपण पर्वताचें नांव दिलें, आणि पडशाच्या दिवसांत रुमालावर शिंपडतों तें त्याचेंच तेल.

उलट ज्यास ओसाड म्हटलें, तें गवत मात्र अस्सल तेथलें. दलदलींतील मातीच्या थरांवरून वीस हजार वर्षांपूर्वींही तें तेथें होतें असें दिसतें. त्यावर तोडा लोकांच्या म्हशी चरत आल्या. या लोकांचें दुग्धालय हेंच देवालय, आणि मेलेल्यांचा लोक पश्चिमेस, त्याच डोंगरांपलीकडे. त्यांना रान हें निर्मनुष्य कधीं वाटलेंच नसेल.

मग पाहुण्याचें प्रेम खोटें काय? तसें आम्ही म्हणणार नाहीं. राहणाऱ्यास सदा साधुत्व चिकटविणें हाही एक शहरी छंदच होय. १९६४ च्या करारानंतर लंकेहून परतलेले कित्येक तमिळ मजूर येथल्या चहाच्या मळ्यांत आले, ते कांहीं सौंदर्यासाठीं नव्हे. ज्याची पाठ टोपलीनें वांकली आहे, त्यास धुक्याचें कौतुक करण्याची फुरसत कोठून असणार? तें कौतुक पाहुणाच करूं शकतो, आणि तें केवळ दिखाऊ नसतें. मात्र आपल्या आनंदासाठीं दुसऱ्याची वस्ती दृष्टीआड करावी लागत असेल, तर त्या आनंदाची किंमत दुसराच कोणी भरीत असतो. २०२४ सालीं मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानें उटीस जाणाऱ्या वाहनांस परवाना लागूं लागला, तेव्हां कित्येकांस तो आपल्या हक्कावर घाला वाटला. पाहुण्यानें दार ठोठावून आंत यावें, यांत आम्हांस तरी अपमान दिसत नाहीं.

हल्लीं परकीं झाडें काढून गवत पुन्हा रुजविण्याचे यत्न तेथें चालू आहेत. ते सफळ झाले, तर एखाद्या उतारावर तो ओळखीचा वास येईनासा होईल. आणि पर्वत बिघडला म्हणून हळहळणाऱ्यांत आमच्या वयाचे पुष्कळ लोक असतील.