धोका कोणाच्या नावावर?

समुद्राचा सराव नसताना, हाती लागेल ती होडी घेऊन महासागर ओलांडायला निघणाऱ्यांचं आपल्याला भारी कौतुक. पोहोचले तर वीर, बुडाले तर ‘ज्याचा जीव त्याची मर्जी’. मर्जीचा हा हिशेब काही पटत नाही. १९६८ साली न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत इंग्लंडमध्ये जाहीर झाली, तेव्हा डोनाल्ड क्राउहर्स्ट हा हौशी होडीवाला तीत उतरला. निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. होडीचं काम अर्धवट असतानाही त्याने ती गाठली. लागणारे सुटे भाग धक्क्यावरच राहिले. दक्षिणेकडच्या समुद्रात होडी तगणार नाही हे उमगल्यावर तो अटलांटिकमध्येच घुटमळला आणि बिनतारी संदेशांतून खोटी मजल कळवत राहिला. १० जुलै १९६९ रोजी होडी रिकामी सापडली. घरी बायको आणि चार मुलं होती, ती घटकाभर बाजूला ठेवली तरी नायजेल टेटलीचं काय करायचं? क्राउहर्स्ट मागून जोरात येतोय या समजुतीने टेटलीने आपली आधीच खिळखिळी झालेली होडी दामटली आणि ती बुडाली. त्याला वाचवायला दुसऱ्यांना यावं लागलं. एकाची कच्ची तयारी अशी दुसऱ्याच्या अंगावर येते.

सगळेच कधीतरी नवखे असतात, असं यावर म्हटलं जाईल. खरंच आहे, पण नवखेपणा हा मुळी दोषच नव्हे. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे दिलीप दोंदे, २००६ मध्ये व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींच्या या मोहिमेसाठी पुढे आले, तेव्हा या कामात नवेच होते. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली जात असताना ते तिच्यात गुंतले, मोठ्या सफरीआधी मॉरिशसहून एकटे परतून पाहिलं आणि मग १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले. तीन वर्षं गेली त्यात. साहस तेवढ्याने उणं झालं नाही. शिवाय तयारी असूनही समुद्र हिसका देतोच: २०१८ मध्ये अशाच एकट्याच्या प्रदक्षिणेत नौदलाच्याच अभिलाष टॉमींसारख्या कसलेल्या माणसाच्या होडीची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला आणि मासेमारीवर गस्त घालणारं एक फ्रेंच जहाज त्यांना घ्यायला गेलं. पाण्यात पडलेल्याला कोणीतरी काढायला जातंच, मग तो चुकलेला असो वा नसो. म्हणूनच निघण्यापूर्वीची तयारी हे त्या अनोळखी माणसाचं देणं आहे.

आता हाच दंडक घेऊन आपल्या वैनगंगेवर या, म्हणजे तो कुठे अडतो ते कळेल. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरहून चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव नदीत उलटली. सहा जणी गेल्या. शोध काही दिवस चालला. भरलेल्या डोंग्याचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असतो. एकीने कूस बदलली तरी तो कलतो, आणि अंगावरचं लुगडं भिजलं की हातपाय मारणंही होत नाही. त्या बेसावध होत्या, असं म्हणणं सोपं आहे. पण क्राउहर्स्टला न जाण्याची मुभा होती. रोजीसाठी पलीकडे जाणाऱ्या बाईला पुलाचा फेरा म्हणजे वेळ आणि भाडं, दोन्हीची खोट. जिथे निवड नाही तिथे तयारीचं देणं निवड करू शकणाऱ्याकडे जातं: मजूर बोलावणाऱ्या शेतमालकाकडे, नाव चालवू देणाऱ्या प्रशासनाकडे.

‘मिरचीच्या तोडणीत लाइफ जॅकेटची चैन कुठली परवडणार?’ असं कोणी विचारील. जॅकेट प्रत्येकीने विकत घ्यायचं नाहीये. ते घाटावर, डोंग्यासोबत राहायचं आहे, एका खेपेनंतर दुसऱ्या खेपेला तेच. किती माणसं बसली की नाव सोडायची नाही, हा आकडा ठरवायला तर पैसाही लागत नाही. तो नावाड्यावर सोडला तर पाळला जाणार नाही, कारण त्याचंही पोट खेपेवरच आहे. तो तहसीलदाराने ठरवावा, आणि तोडणीच्या हंगामात घाटावर कोतवाल उभा करावा.