देवाचं मौन, पटकथेत

देवाच्या मौनावर तत्त्वज्ञ पानंच्या पानं लिहितात. इंगमार बर्गमननं ‘विंटर लाइट’च्या (1963) पटकथेत त्यावर वाद घातलाच नाही. अणुबॉम्बच्या भीतीनं खचलेला मच्छीमार योनास धीर मागायला येतो आणि पाद्री टोमास त्याला स्वतःच्याच संशयाची कहाणी ऐकवत बसतो. योनास जाऊन आत्महत्या करतो. श्रद्धा गमावण्याची किंमत विधानातून नव्हे, घटनेतून कळते. सगळ्यांत खोल विचार तर चर्चचा कुबडा सेवक आल्गोट मांडतो: ख्रिस्ताला खिळ्यांपेक्षा शिष्यांची अनास्था आणि पित्याचं गप्प राहणं अधिक जाचलं असेल. बोलणारा स्वतः दुखण्यानं पिचलेला, म्हणून ते प्रवचन होत नाही.

पटकथा हा नुसता आराखडा, अर्थ पडद्यावरच, असं कुणी म्हणेल. छायाचित्रकार स्वेन निक्विस्टचा करडा उजेड कागदावर नसतो, हे कबूल. पण कोण कोणाला काय आणि कधी सांगतं, हे लेखनातच ठरतं, आणि इथला सगळा पेच त्या क्रमात आहे. शेवटी जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये टोमास उपासना सुरू करतो. श्रद्धेनं की निव्वळ सवयीनं? बर्गमन सांगत नाही. काहींना ही पळवाट वाटते. मला नाही, कारण सांगितलं असतं तर देवाच्या वतीनं लेखकच बोलला असता.