मेहेरबानी आणि हक्क

राज्यकर्ता भला असेल तर कायद्याचे बंधन कशाला, असा प्रश्न आम्हालाही पडतो. युरोपचा इतिहास वाचला की मन सावध होते.

फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतचे फर्मान काढून अल्पसंख्य प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक दिली. त्याचाच नातू चौदावा लुई याने १६८५ मध्ये ती काढून घेतली. प्रार्थनाघरे पाडली गेली; सुमारे दोन लाख माणसांनी मुलूख सोडला. राजाला अडवणार कोण? तिथली प्रतिनिधिसभा १६१४ च्या अधिवेशनानंतर भरलीच नव्हती.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या जेम्सने १६८७ मध्ये कायदे स्थगित करून कॅथलिकांना मोकळीक दिली. पुढच्याच वर्षी त्याचे राज्य गेले, मोकळीकही गेली. १६८९ च्या हक्कांच्या सनदेने संसदेला डावलून कायदे स्थगित करण्याची राजाची सत्ता संपवली. पण त्याच वर्षीच्या सहिष्णुता कायद्याने कॅथलिकांना वगळले. संसदेत बसायला त्यांना १८२९ उजाडावे लागले.

म्हणजे कायदाही अन्याय करतो. तरी त्याच्याशी वाद घालता येतो, तो बदलून घेता येतो; मेहेरबानीपुढे फक्त हात जोडता येतात. दयाळू राजा आम्हाला नकोसा नाही. पण आमच्या मुलांची झोप त्याच्या वारसाच्या मर्जीवर टांगलेली नसावी.