रिकाम्या विमानातील जागरण

गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मला विचारले, "अंकल, विमानात एकही माणूस नसेल आणि वैमानिकाला झोप लागली, तर ते पाप का?" मी हसलो. तो हसला नाही.

25 डिसेंबर 2025 पासून आपल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि आपल्या मुलांना आकाशाचे वेड लागले. या मुलाला नाद आहे तो फ्लाइट सिम्युलेटरचा. शनिवारी रात्री घरच्या कॉम्प्युटरवर त्याने मुंबईहून मॉरिशसला विमान नेले. अंतर सुमारे 4,700 किलोमीटर, खाली जवळजवळ सगळा समुद्र, प्रवास सहा तासांहून अधिक. या खेळात वेळ कितीतरी पटींनी पळवता येतो. पण तसे करणे त्याला कमीपणाचे वाटते. दर टप्प्यावर किती इंधन उरले ते वहीत लिहायचे आणि जागे राहायचे. तीनच्या सुमारास त्याला डुलकी लागली, ऑटोपायलटने विमान सांभाळले. मित्रांना मात्र त्याने सांगितले, रात्रभर जागा होतो.

खोटे बोलला ही चूकच. पण झोपेचे काय? कुणाचे नुकसान नाही, मग पाप कसले, असे मी म्हणणार होतो. तेवढ्यात मत्तयचा पाचवा अध्याय आठवला. केवळ मनात केलेला व्यभिचारही प्रभू येशू खरा धरतो. मग मनात जपलेली जबाबदारी खोटी कशी म्हणायची? संत इग्नेशियस लोयोला यांचे आध्यात्मिक साधनेवरील पुस्तक 1548 साली छापले गेले. त्यात ते आपल्याला नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणायला सांगतात. किती लांब, किती रुंद, सपाट की चढउताराचा. एवढेच नव्हे, तर तिथे आपण गरीब सेवक होऊन मरिया, योसेफ आणि बाळाला हवे-नको पाहावे, असेही सांगतात. खरे वैमानिकही इंजिनाला आग लागल्याचा सराव सिम्युलेटरमध्येच करतात. तिथेही मागे प्रवासी नसतात.

म्हणून मी त्याला म्हटले, पाप नाही, पण तुला चुटपूट लागली हे चांगले झाले.

मग तो हळूच म्हणाला, "त्या रात्री आजीने दोनदा पाणी मागितले होते. माझ्या कानावर हेडफोन होते. आईने सकाळी सांगितले."

आजी वर्षभर अंथरुणाला खिळून आहे. खरे तर त्याला हेच सांगायचे होते, झोपेचा प्रश्न ही नुसती सुरुवात होती. मी उपदेश केला नाही. करणार कसा? जगातल्या सर्व आजाऱ्यांसाठी मी रोज जपमाळेत मोठ्याने प्रार्थना करतो आणि त्याच वेळी आजारी भावाचा फोन वाजला, तर नंतर पाहू म्हणून तसाच ठेवतो. मनातल्या माणसांची सेवा सोपी असते. ती रात्री तीन वाजता पाणी मागत नाहीत.

त्याने खेळ सोडलेला नाही. टेबल आजीच्या खोलीत हलवले आहे, हेडफोन एकाच कानावर असतो. परवा पहाटे विमान मॉरिशसला उतरत असताना आजीला जाग आली. "पोचलास का रे?" तिने विचारले. तो हो म्हणाला.

"लोकांना चहा दिलास?"