प्रमाणपत्राचे प्रामाण्य

माझ्याकडे बी. ए.ला मराठी वाङ्मय शिकलेल्या एका विद्यार्थ्याला मिहानमधील एका कंपनीत नोकरी लागली. रुजू होण्यापूर्वी त्याची पदवी आणि सर्व गुणपत्रिका पडताळणीसाठी एका त्रयस्थ संस्थेकडे गेल्या. ती संस्था विद्यापीठाकडे विचारणा करणार होती. तो भेटायला आला तेव्हा म्हणाला, ‘सर, पदवीवर विद्यापीठाचाच शिक्का आहे. तो खरा आहे का, हे पुन्हा विद्यापीठालाच विचारायचे?’ प्रश्न वैतागातून आलेला होता. परंतु भारतीय ज्ञानमीमांसेतील एका जुन्या वादाला त्याने नकळत हात घातला होता.

‘प्रमाणपत्र’ या शब्दातील ‘प्रमाण’ आपण विसरून गेलो आहोत. न्यायदर्शनाने मानलेल्या चार प्रमाणांत शब्द हे एक प्रमाण आहे. आणि शब्द प्रमाण ठरतो तो उच्चारणारा आप्त असतो म्हणून. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्तत्वाच्या दोन अटी आढळतात. सांगायची गोष्ट त्याने स्वतः साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची त्याला इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही तो सांगतो. म्हणजे आप्तत्व कुळातून येत नाही, आणि पदातूनही येत नाही. पदवी देणारे विद्यापीठ आपल्या व्यवहारात आप्ताच्या जागी उभे असते: ‘या व्यक्तीला हे येते, आम्ही तपासून पाहिले आहे’ एवढेच ते म्हणत असते.

१९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात १९९९ मध्ये गुणपत्रिका आणि पुनर्मूल्यांकन यांतील जो घोटाळा उघडकीस आला, त्याचा विचार या दृष्टीने फारसा झालेला नाही. त्यातील खोट्या गुणपत्रिकांची चर्चा पुष्कळ झाली, खटलेही वर्षानुवर्षे चालले. मला अधिक गंभीर वाटतो तो पुनर्मूल्यांकनाचा भाग. खोटी गुणपत्रिका बाहेर छापली तर ती नकली नाण्यासारखी असते. टांकसाळ निर्दोष राहते. पुनर्मूल्यांकनातून गुण वाढवून घेतले जातात तेव्हा कागद खरा, शिक्का खरा, सही खरी, नोंदवहीतील आकडाही जुळणारा. खोटे असते ते केवळ त्यातील विधान. अशा पदवीला ‘बनावट’ म्हणणे हा भाषेचा दुबळेपणा होय. ते अस्सल दस्तऐवजातले असत्य असते, आणि त्याची पडताळणी केली तर उत्तर ‘योग्य’ असेच येते. या प्रकरणाला लोकव्यवहारात एका व्यक्तीचे नाव चिकटले. ते नाव मी येथे घेत नाही, कारण पापाला एका माणसाचे नाव दिले की टेबलाटेबलावरून कागद पुढे सरकवणारे बाकीचे हात दिसेनासे होतात.

मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. बाधक ज्ञान उपस्थित होईपर्यंत त्याला बाहेरचा आधार लागत नाही. नैयायिक ते परतः मानतात. पदवीचे प्रामाण्य आमच्या आधीच्या पिढीसाठी स्वतःसिद्ध होते. बाधक ज्ञान आले, आणि आता प्रत्येक प्रमाणपत्राला दुसरे प्रमाणपत्र लागते, त्याला तिसरे. परतःप्रामाण्यवाद्यांवर मीमांसकांनी घेतलेला अनवस्थेचा आक्षेप आमच्या कार्यालयांत असा प्रत्यक्ष अवतरला आहे. प्राध्यापकांच्या बढतीचेही तेच झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीला गुणांक दिले. मग गुणांक मिळवून देणारी नियतकालिके निघाली. मग मान्य नियतकालिकांची यादी आली. आणि २०१८ च्या मे महिन्यात त्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. ज्यांचे लेख त्यांत छापून आले आणि गुणांकात जमा झाले, त्यांच्या बढत्यांचे पुढे काय झाले, हे कोणत्याही सहकाऱ्याला विचारून पाहावे. तो विषय बदलतो.

यावर एक आक्षेप सहज संभवतो. पदवी खोटी असूनही एखादा उत्तम शिकवत असेल तर? आक्षेप हलका नाही. ज्यांचे नाव २००५ पासून या विद्यापीठाला आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते, आणि ‘ग्रामगीते’चे प्रामाण्य कोणत्याही शिक्क्यावर अवलंबून नाही. नैयायिकही प्रामाण्याची अंतिम कसोटी सफल प्रवृत्तीतच पाहतात: पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरे. परंतु तुकडोजी महाराजांनी ‘मला तपासून घेतले आहे’ असा दावा केला नव्हता. खोट्या पदवीचा धारक नेमका तोच दावा करतो. शिवाय वर्गात सफलतेचा साक्षीदार असतो केवळ विद्यार्थी. ज्याला पाण्याची चवच आम्ही दाखवलेली नाही, त्याने मृगजळाविरुद्ध साक्ष कशी द्यावी? २०२५ मध्ये नागपूर विभागात उघड झालेल्या ‘शालार्थ’ ओळखक्रमांक प्रकरणात बनावट कागदपत्रांवर शिक्षक नेमून त्यांना शासकीय वेतन मिळवून दिल्याचे आरोप झाले, शिक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली. तक्रार घेऊन उभ्या राहिलेल्यांत त्या वर्गांतली मुले असण्याची शक्यताच नव्हती.

येथे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात मी पीएच.डी.च्या प्रबंधाचा बहिःस्थ परीक्षक होतो. दलित आत्मकथनांवरील त्या प्रबंधाची दोन प्रकरणे मी अन्यत्र वाचलेली होती. मौखिकीत उमेदवाराला त्यांतील एकाही संज्ञेचा अर्थ सांगता आला नाही. बाहेर पेढ्यांचा बॉक्स उघडलेला होता, मार्गदर्शक ज्येष्ठ होते, माझी परतीची गाडी पाचची होती. मी ‘पदवी देण्यास योग्य’ असे लिहून सही केली. पैसे घेतले नाहीत, हे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. वात्स्यायनाच्या दोन अटींपैकी पहिली मी पूर्ण केली होती, जाणले होते. ते उमेदवार आज महाविद्यालयात शिकवतात, संशोधनाचे मार्गदर्शनही करतात.

जाताना त्या विद्यार्थ्याने संदर्भासाठीचा एक छापील नमुना माझ्यापुढे ठेवला. उमेदवाराला किती काळ ओळखता, दिलेली माहिती आपल्या प्रत्यक्ष माहितीनुसार सत्य आहे काय, अशी त्यात विचारणा होती. तीन वर्षे तो माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसलेला होता. सही करायला हरकत काहीच नव्हती. तरी मी तो कागद दोनदा वाचला, आणि तो मात्र घड्याळाकडे पाहत होता, कारण खापरीकडे जाणारी त्याची मेट्रो चुकणार होती.