सूर सुधारण्याचा अधिकार

ध्वनिमुद्रण ही एके काळी मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी होती. गायकाने मुंबई-कोलकात्यास जावे, ठरलेल्या वेळेत गावे आणि पुढे त्या गाण्याचे काय होते हे तबकडी हाती येईपर्यंत त्याला कळू नये, असा तो व्यवहार होता. गेल्या पंचवीस वर्षांत तो पार पालटला. एक बऱ्यापैकी संगणक, एक मायक्रोफोन, आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी लहानशी पेटी आणि एक हेडफोन एवढ्या सामग्रीवर, भिंतींना गोधड्या टांगून व पंखा बंद करून, घरातल्या मागच्या खोलीत आज गाणे मुद्रित होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव येथील आपल्या कुटुंबांतील तरुण मंडळी हे काम मोठ्या हौसेने करीत आहेत, आणि आम्हाला त्याचे कौतुकच आहे.

परंतु यंत्राबरोबर घरात एक अधिकारही आला आहे, आणि त्या अधिकाराच्या मर्यादेचा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेले गायन, तबला, पेटी, तंबोरा यांचे परस्परांतील प्रमाण ठरविणे. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कोणाभोवती किती घुमारा, हे निश्चित करणे. मास्टरिंग म्हणजे अशा सिद्ध झालेल्या गाण्यावर अखेरचा हात फिरवून त्याची एकूण पातळी व पोत श्रोत्यांसाठी कायम करणे. ह्या दोन्ही क्रियांत सूर सरळ करता येतो, श्वास पुसता येतो, खोकला काढता येतो, थकलेला आवाज टवटवीत करता येतो. हे सारे करता येते म्हणून ते करावे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

एक कडवे मत असे की, मुद्रित आवाजात केलेली कोणतीही दुरुस्ती ही फसवणूकच होय. हे मत इतिहासापुढे टिकत नाही, कारण अस्पर्श मुद्रण असे कधी नव्हतेच. १९०२ साली फ्रेडरिक गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा त्यांना कर्ण्यात गावे लागले आणि विस्ताराने मांडण्याचा राग सुमारे तीन मिनिटांत बसवावा लागला. ती काटछाट यंत्रानेच लादली होती. पुढे कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ साली जाहीर मैफली सोडल्या आणि १९६६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात फितींच्या जोडकामाची उघड बाजू घेतली. बाखच्या एका रचनेची दोन वादने त्यांना स्वतंत्रपणे अपुरी वाटली. त्यांचे भाग जोडल्यावर मात्र मनातली रचना साकार झाली, असे त्यांनी त्यात सांगितले. त्यात लपवाछपवी कोठेच नव्हती. आपणही चित्रपटगीत ऐकताना ते एका दमात गायिले गेले असे समजत नाही, आणि तसे नाही म्हणून आपला आनंद उणावत नाही.

तेव्हा असत्य हे दुरुस्तीत नसून श्रोत्याला दिलेल्या शब्दात असते, असे आम्हाला वाटते. मुद्रिकेवर ‘प्रत्यक्ष मैफल’ असे छापून आत चार दिवसांचे जोडकाम भरणे हे असत्य होय. तेच जोडकाम स्टुडिओतील कृती म्हणून पुढे ठेवले तर तक्रारीला जागा नाही. जिवंत गायकाच्या बाबतीत हा निकष बहुधा पुरतो. गायक स्वतः शेजारी बसलेला असतो, ‘हा सूर राहू दे’ किंवा ‘हा काढ’ असे तो सांगू शकतो. कृती त्याची असते आणि उत्तरदायित्वही त्याचेच.

हा निकष अपुरा पडतो तो आपल्याच कपाटांपाशी. जुन्या मराठी घराण्यांतून कॅसेटींचे डबे अजून आहेत. कोणाच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कोणाच्या घरच्या मंगळागौरीची गाणी, कोठे वडिलांचे कीर्तन, कोठे गणेशोत्सवातले गायन. त्यांत एक शतक वा दोन शतके महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठीचे उच्चार आहेत, हिंदी, गुजराती वा कानडीच्या शेजारात वळलेले स्वर आहेत. गाणारी माणसे आता नाहीत. त्यांनी श्रोत्यांना कसलाही शब्द दिला नव्हता आणि आपल्याला कसली अनुमतीही दिलेली नाही. घरातला नातू ती कॅसेट संगणकावर घेतो आणि ‘साफ’ करतो. येथे ‘साफ’ ह्या शब्दात दोन अगदी भिन्न क्रिया दडलेल्या आहेत.

गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये जे येऊन बसले आहे ते दूर करणे, ही पहिली क्रिया. फितीची खरखर, विजेची घरघर, टेपरेकॉर्डरच्या मंदावलेल्या गतीने उतरलेली पट्टी, ही त्या आजीची नव्हेत. ती काढणे म्हणजे तसबिरीच्या काचेवरची धूळ पुसणे. जे गाणाऱ्याचेच होते परंतु आपल्याला खटकते ते काढणे, ही दुसरी क्रिया. थरथर, धाप, मध्येच चुकलेला शब्द, अशुद्ध वाटणारा उच्चार. ही तसबिरीतला चेहरा बदलण्याची क्रिया होय.

भेद सांगण्यास सोपा आहे, परंतु यंत्राला तो कळत नाही. आपल्या देशातील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने त्याची घरघर ५०, १००, १५० अशा पटींनी मुद्रणात शिरते. काळी एक ह्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो. म्हणजे १५० चे स्थान त्याच्या कोमल आणि शुद्ध रिषभांच्या मधोमध येते. घरघरीचा तो पट्टा निष्काळजीपणे कापला की रिषभावरून जाणाऱ्या मींडेचा कणही त्याबरोबर जातो. तंबोऱ्याचे असेच आहे. सतत चालू असणारा ध्वनी म्हणजे गोंगाट, असे गृहीत धरणाऱ्या साधनाला जवारीची झिणझिण संशयास्पद वाटू शकते. १९९७ साली बाजारात आलेले ‘ऑटो-ट्यून’ हे सूर सरळ करणारे साधन अँडी हिल्डेब्रँड यांनी तयार केले. तत्पूर्वी ते तेलसंशोधनासाठी भूकंपलहरींच्या विश्लेषणाचे काम करीत असत. पाश्चात्त्य बारा स्वरांच्या सरळ शिडीवर हे साधन नेऊन बसविले, तर दरबारीचा आंदोलित गांधार त्याच्या लेखी बेसूर ठरतो आणि ते त्याला ओढून जवळच्या पायरीवर उभे करते. पायऱ्या बदलण्याची सोय त्यात आहे, हे खरे. परंतु मुळात पायरी चुकीची आहे हे बसलेल्या माणसाला कळावे लागते.

श्वासाचे उदाहरण आम्हाला सर्वांत बोलके वाटते. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले आणि पुढे माळव्यात देवासला स्थायिक झालेले कुमार गंधर्व आपणां साऱ्यांचेच. क्षयाने त्यांचे एक फुप्फुस जवळजवळ निकामी केले, कित्येक वर्षे गाणे बंद राहिले आणि त्यानंतर जे गाणे उभे राहिले ते आपण ऐकले. त्यांच्या शैलीचे सारे श्रेय आजाराला देणे हा त्यांच्या प्रतिभेवर अन्याय होईल. तरीही तो श्वास, तो तोकडा आणि झडप घालणारा आवेग, त्या गाण्याबाहेरचा नव्हे. आजच्या साधनांपैकी काही श्वास ओळखून आपोआप दाबतात. अशा साधनाला कुमारांचे एखादे भजन दिले तर कोणताही स्वर न बदलता ते एक निरोगी गाणे आपल्या हाती ठेवील. ते सुरेल असेल, स्वच्छ असेल, आणि कुमारांचे नसेल.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरणही पाहिले पाहिजे. जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकात घरी पियानोवर गायिलेले एक गीत साध्या कॅसेटवर होते. ती त्यांच्या पत्नीने १९९४ साली त्यांच्या सहकाऱ्यांना दिली. १९९५ मध्ये त्यावर काम सुरू झाले, परंतु आवाज पियानोत गुंतलेला असल्याने ते सोडून द्यावे लागले. पुढे यंत्रशिक्षणाने आवाज व पियानो वेगळे करता आले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ ह्या नावाने ते गीत प्रसिद्ध झाले. यंत्राने नवा लेनन घडविला नाही. होता तो आवाज मोकळा केला, आणि काय केले ते सर्वांना सांगितले गेले. ज्यांनी तो आवाज अनेक वर्षे शेजारी बसून ऐकला होता ती माणसे ह्या कामात होती, हे आम्हाला तंत्राइतकेच महत्त्वाचे वाटते.

साहित्याच्या प्रांतात ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे पूर्वीच शोधले गेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुखठणकरांसारख्या संपादकांना शेकडो पोथ्यांतील विसंगत पाठांतून एक पाठ निवडायचा होता. त्यांनी तो निवडला, म्हणजे निर्णय टाळला नाही. परंतु नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी छापले, आणि निवडलेल्या पाठाविषयीही जेथे खात्री कमी तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. ‘हे आम्ही ठरविले आहे, येथे तुम्ही वेगळे ठरवू शकता’ असे ती रेघ पुढच्या वाचकाला सांगते.

घरच्या ध्वनिमुद्रणालाही अशी नागमोडी रेघ हवी. तिचे स्वरूप अवघड नाही. कॅसेटवरून घेतलेली पहिली प्रत जशीच्या तशी, खरखरीसकट, वेगळी जपावी. मूळ कॅसेट टाकू नये. संस्कार केलेल्या प्रतीबरोबर काय काढले, काय वाढविले, कोणी आणि केव्हा, हे चार ओळींत लिहून ठेवावे. घरघर काढायची तर सुखाने काढावी. उच्चार, श्वास, थरथर यांना हात लावण्यापूर्वी मात्र थांबावे, आणि लावलाच तर तसे नोंदवावे. अखेरच्या हातात पातळीचा हव्यास नसावा. कुजबुज आणि आरोळी एकाच उंचीवर आणून गाणे मोठे करण्याची जी स्पर्धा व्यावसायिक मुद्रणात चालली, तिचे फळही आता उरलेले नाही. प्रमुख प्रक्षेपणसेवा सर्व गाणी सारख्या पातळीवर आणून वाजवितात. म्हातारपणी आजी हळू गात होती, तर ते हळू राहावे.

कोणी म्हणेल की, एवढा काटेकोरपणा महाभारताला शोभतो, घरगुती ओव्यांना कशाला? आमचे म्हणणे असे की, महाभारताच्या पोथ्या शेकडो होत्या. एक बिघडली तरी दुसरी होती. आजीच्या ओवीची प्रत एकच आहे.

आणि तिच्या बाबतीत एक निकड आहे, जी कोणत्याही यंत्राने भागणार नाही. कोणती थरथर फितीची आणि कोणती गळ्याची, कोणता शब्द चुकलेला आणि कोणता त्या घरचा तसाच, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. ती ऐंशीच्या घरात आहेत. नातवाने साधने जरूर उघडावीत, परंतु दुसरे हेडफोन त्या मावशीच्या वा काकांच्या कानांवर ठेवावे, आणि कोठेही कात्री लावण्यापूर्वी त्यांना विचारावे, ‘ही अशीच गात असे का?’